पिंपरीच्या नावाचा जिवाणू



‘पिंपरी-चिंचवडला इतिहास नाही, आहेत ते फक्त कारखाने’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. चिंचवडचे मोरया गोसावी आणि चापेकर बंधू सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही. पण कारखान्यांना इतिहास नसतो, हे कुणी ठरवले?

काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी. तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. देश नुकता स्वतंत्र झालेला, साध्या जखमेच्या संसर्गानेही माणसे दगावत, अशा काळातली ही गोष्ट आहे.

त्याहून मोलाची गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. इथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीजन्य रोगांवरचे ‘हॅमायसिन’ हे प्रतिजैविक शोधले. ते ज्या जिवाणूपासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. म्हणजे आपल्या पिंपरीचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे! किती शहरांना हा मान मिळाला असेल?

शेजारच्याच पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी निर्वासितांच्या छावणीतून बाजारपेठ उभी केली. तोही इतिहासच. ती पिढी झपाट्याने मागे सरते आहे. तिच्या आठवणी, आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधल्या निवृत्त कामगारांच्याही, आपल्या साप्ताहिकाने क्रमशः छापाव्यात. आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठांकडून टिपून आणायला मी तयार आहे.

– एक वाचक, काळेवाडी