ऊर्जेचा जमाखर्च

लहान मुलांना ऊर्जेविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की, ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही होत नाही. ती केवळ रूप बदलते. दुसरी अशी की, ऊर्जेची बचत करावी. विचार करणारे मूल यावर लगेच विचारते, "जी संपतच नाही, तिची बचत कशासाठी?" या प्रश्नावर मोठी माणसे बहुधा 'पुढच्या वर्गात कळेल' असे सांगून वेळ मारून नेतात. वास्तविक व्यापारी घराला हे उत्तर देणे सर्वांत सोपे आहे. ऊर्जेचे शास्त्र हे मुळात जमाखर्चाचेच शास्त्र होय.

आरंभ व्याख्येने करू नये. मुलाच्या हाती दुकानातील 100 ग्रॅमचे वजन द्यावे आणि ते जमिनीपासून एक मीटर वर उचलण्यास सांगावे. एवढ्या कामास सुमारे एक ज्यूल ऊर्जा लागते. धान्यास जसे किलो, तसे ऊर्जेस ज्यूल. आता विजेचे बिल पुढे ठेवावे. त्यातील एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. गोदामातील 50 किलोचे पोते एक मीटर उचलण्यास सुमारे 490 ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटात असे पोते 7,000 हून अधिक वेळा उचलता येईल. हमालाच्या कपाळावरचा घाम ज्या मुलाने पाहिला आहे, त्याला युनिटाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मग जमेची बाजू पाहावी. मूल धावते ते पोळीच्या बळावर. पोळी गव्हाची आणि गव्हाने आपली शक्ती घेतली सूर्याच्या प्रकाशातून. हा प्रकाश सूर्यापासून निघून सुमारे सव्वाआठ मिनिटांत शेतात पोहोचतो. दगडी कोळसा हीदेखील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठवलेली सूर्याचीच ठेव आहे.

पर्युषणात घरोघरी आणखी एक प्रश्न येतो, "आजीने अठ्ठाई केली आहे, ती काही खात नाही, मग चालते कशी?" उत्तर असे द्यावे की, शरीराची दोन खाती असतात. यकृतात साठवलेली साखर हे चालू खाते. ते साधारण एका दिवसात रिकामे होत येते. चरबी ही मुदत ठेव. त्यानंतर शरीर मुख्यतः तीच मोडते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात. आजी पाट्यावरून सावकाश उठते, जिना टाळते, कारण ठेव जपून वापरायची असते. वाढत्या वयाच्या मुलाची ठेव लहान आणि गरज मोठी, म्हणून त्याने आजीचे अनुकरण परस्पर करू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

आता मूळ प्रश्न. चेंडू हातातून सोडावा. तो उसळतो, पण पहिल्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. उरलेली ऊर्जा कोठे गेली? थोडी आवाजात, बाकीची चेंडू, जमीन आणि हवा किंचित तापवण्यात. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात हेच मोजून दाखवले. वजने खाली सोडून त्याने पाण्यातील पाती फिरवली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते पाहिले. खाते जुळले.

परंतु खाते जुळणे आणि रक्कम हाती असणे यांत फरक आहे. 100 रुपयांची नोट मोडून एकेक रुपयाचा खुर्दा घेतला आणि तो भर बाजारात विखुरला, तर एक रुपयाही नष्ट झालेला नसतो. पण त्यातून पुन्हा माल घेता येत नाही. उष्णता होऊन हवेत पसरलेली ऊर्जा ही अशीच असते. जुन्या तारेच्या बल्बला मिळालेल्या विजेचा 90 टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो. बचत करायची ती ऊर्जा नष्ट होते म्हणून नव्हे, तर कामाची ऊर्जा बिनकामाची होते म्हणून.

पाठशाळेत मुले उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य शिकतात. सोन्याचा कलश मोडून मुकुट केला तरी सोने सोनेच राहते. हा दृष्टान्त येथे समजुतीस उपयोगी पडतो, मात्र दोन्ही गोष्टी एकच असे सांगू नये. तत्त्वविचार आपल्या जागी आणि प्रयोगाने मोजलेला नियम आपल्या जागी. जयणेचा संबंध मात्र थेट आहे. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्यासाठी कोठे तरी कोळसा जळतो, धूर निघतो आणि त्या आगीत, धुरात, राखेत किती जीवांना पीडा होते, हे मुलाला कळले म्हणजे 'दिवा बंद कर' हा हुकूम राहत नाही.

घरात एक छोटी वही करावी. दर रविवारी वडीलधाऱ्यांसोबत मुलाने विजेच्या मीटरवरील आकडा दुरूनच वाचावा, मागील आकडा वजा करावा आणि खर्च लिहावा. वाढ दिसली तर कारण शोधणे हे त्याचे काम. इस्त्री, गीझर, पाहुणे, उकाडा, जे कारण असेल ते त्याने स्वतः पुढे लिहावे. चार रविवारांनंतर महिन्याचे बिल येईल, तेव्हा ते मुलाच्याच हातून वहीशी ताडून पाहावे.