फळ विकायचे की बी?

कॉफी पिकवणाऱ्याने फळ पिकवावे, पुढची धुलाई-वाळवण भांडवलवाल्यांवर सोडावी, असा सल्ला लहान शेतकऱ्याला नेहमी मिळतो. यंत्रे महाग, दर्जाची जाण दुर्मीळ, आणि सामूहिक मालकी म्हणजे भांडणे, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ही कारणे रवांडात तपासून पाहावीत.

तिथे कॉफीची लागवड बेल्जियन राजवटीने सक्तीने करवली. आजही बहुतेक कुटुंबांकडे थोडीच झाडे असतात, अनेकांकडे दोनशेहूनही कमी. पूर्वी फळ खुडायचे, घरीच कसाबसा गर काढायचा, बी धुऊन वाळवायची आणि दलालाला घालायची, हीच रीत होती. डोंगर उंच, झाड बूर्बों जातीचे, म्हणजे निसर्गाने काहीच उणे ठेवले नव्हते. तरी माल हलक्या दर्जाचा म्हणून जायचा. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि भाव कोसळले. पुढे १९९४ च्या वंशसंहाराने देशच उद्ध्वस्त झाला.

मग दर्जा अडत होता कुठे? पिकलेले फळ तोडल्यावर काही तासांत बिघडू लागते. त्याच दिवशी गर काढावा लागतो, बीवरचा चिकट थर टाकीत बेताने आंबवून स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो, मग उंच जाळीच्या बाकांवर वाळवून ओलावा ११-१२ टक्क्यांवर आणावा लागतो. एकट्या कुटुंबाला ही मांडणी परवडत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे खरेच आहे. पण म्हणून ती व्यापाऱ्याच्याच हाती का जावी? बुतारेजवळच्या मराबात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने २००१ मध्ये धुलाई केंद्र सुरू केले. संहारात नवरे गमावलेल्या अनेक बायका तिच्या सभासद होत्या. परदेशी मदत होती, विद्यापीठांचे मार्गदर्शन होते. फळ निवडणारे आणि बाकांवरची बी तासन्‌तास चाळणारे हात मात्र गावचेच होते. काही वर्षांतच ही कॉफी ब्रिटनच्या सेन्सबरीज दुकानांत मराबा या नावाने विकली जाऊ लागली. दर्जाची जाण शिकवता येते, याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

'फळालाच चांगला भाव द्या, केंद्राची मालकी कशाला?' हा प्रश्न वरवर शहाणपणाचा वाटतो. मला तो सर्वांत घातक वाटतो. फळ नाशवंत आहे. संध्याकाळपर्यंत विकले नाही तर त्याची किंमत उरत नाही, हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. वाळलेली बी महिनोन्‌महिने थांबू शकते, आणि ज्याचा माल थांबू शकतो तोच भावावर बोलू शकतो. शिवाय सुमारे ६ किलो फळातून १ किलो बी निघते. उरलेला गर गावात राहिला तर त्याचे खत गावच्याच शेतात जाते.

भांडणांचा आक्षेप मी टाळणार नाही. रवांडात केंद्रे भराभर वाढली. पुष्कळांना क्षमतेइतके फळ मिळेना आणि अनेक सहकारी संस्था कर्जात रुतल्या. २०१६ मध्ये सरकारने विभाग आखून दिले आणि शेतकऱ्याने आपल्या विभागातल्याच केंद्राला फळ घालावे असा नियम केला. उसाची झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, सोसलेल्या मराठी शेतकऱ्याला यातली मेख वेगळी सांगायला नको. त्या झोनबंदीविरुद्ध शरद जोशींची शेतकरी संघटना लढली होती. शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येईना की केंद्राला त्याची पर्वा उरत नाही, मग ते खासगी असो वा सहकारी.

म्हणून माझी बाजू सामूहिक प्रक्रियेची आहे, सक्तीची नाही. सभासदाला बाहेर विकण्याची मोकळीक हवी. फळ घालताना पहिला हप्ता, माल विकल्यावर दुसरा, आणि त्या दुसऱ्या हप्त्याचा हिशेब सभेत मोठ्याने वाचला जावा, ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांनाही कळेल असा.