द्राक्षाची वाइन, धर्मार्थ परीक्षा आणि बागाइतदाराचें दार

या मासिकाचे बहुतेक वाचक जमीन कसणारे असून त्यांपैकीं पुष्कळांच्या शेतांत द्राक्षाचा मांडव उभा आहे. प्रस्तुत लेखक स्वतः कसणारा नाहीं. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पिकांच्या नोंदी तपासणें, गारपिटीचे पंचनामे उतरून घेणें व थकबाकीचीं टिपणें तयार करणें, हाच माझा शेतीशीं संबंध. शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजी कामापुरतें. असें असतां वाइनसारख्या वादग्रस्त विषयावर लिहिण्याचें धाडस करीत आहें, याचें कारण इतकेंच कीं, सन २०१९ मध्यें परदेशीं जें कांहीं डोळ्यांनीं पाहिलें, तें आपल्या बागाइतदारांच्या उपयोगाचें आहे अशी माझी खात्री झाली आहे.

प्रथम माझा पूर्वग्रह सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस माझ्या शब्दांचें वजन ठरवितां येईल. आमच्या घरांत मद्याविषयीं तिटकारा आहे आणि तो सकारण आहे. माझ्या चुलत्यांची सहा एकर जमीन दारूपायीं गेली. पुढें नोकरींत असतां त्या जमिनीच्या खरेदीखताची नक्कल जुन्या दफ्तरांत माझ्या पाहण्यांत आली. खालीं चुलत्यांच्या डाव्या हाताचा आंगठा होता. वास्तविक त्यांना सही करतां येत असे. परंतु त्या दिवशीं हात स्थिर नसावा. तो आंगठा मी अद्याप विसरलों नाहीं.

दुसरी गोष्ट माझ्या थोरल्या बंधूंची. सन २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क निघालीं, आणि अनेक बागाइतदार वाइनच्या जातींकडे वळले. आमच्या दादांनींही एका कारखान्याशीं करार करून दोन एकर बाग लाविली. पहिलीं वर्षें बरीं गेलीं. पुढें सन २००९ च्या सुमारास मंदी आली, तयार माल पडून राहूं लागला, आणि त्या कारखान्यानें दादांचें द्राक्ष उचलण्याचें बंद केलें. उचललेल्याचे पैसेही रखडले. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारिलें तर दुसरा घेतो. वाइनचें द्राक्ष बारीक, बियांचें व जाड सालीचें. तें ना पेटींत चालत, ना त्याचा आपल्याकडे बेदाणा होत. त्याला एकच दार, आणि तेंच लागलें. अखेर दादांनीं आपल्या हातानें बाग तोडली व पुढच्या पीकपाहणींत त्या गटापुढें ‘पड’ असा शेरा पडला.

अशा मनःस्थितींत स्वेच्छानिवृत्ति घेतल्यावर मी मुलीकडे अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं गेलों. हिंवाळा सरत आला होता, पण दारांत बर्फ होतें. एके दिवशीं मुलगी म्हणाली, “अण्णा, खिडकींत बसून बर्फ पाहण्यापेक्षां माझ्याबरोबर चला. दोन दिवस पेले मांडायचे आणि धुवायचे आहेत.” काम कसलें, तर वाइनच्या परीक्षेचें! मीं साफ नकार दिला. तेव्हां तिनें पैसा कोठें जातो तें सांगितलें, आणि मी गप्प झालों.

ती हकीकत अशी. रॉचेस्टर येथील गॅरी मर्व्हिस नांवाच्या गृहस्थांच्या नऊ वर्षांच्या मुलीला मेंदूंत गांठ झाली. आजारी मुलांना इतर मुलांप्रमाणें खेळण्याबागडण्याचे चार दिवस मिळावे, म्हणून त्यांनीं सन १९७९ मध्यें कर्करोगग्रस्त मुलांसाठीं ‘कॅम्प गुड डेज’ ही संस्था काढिली. मुलगी सन १९८२ मध्यें वारली, संस्था राहिली. क्यूका सरोवराच्या कांठीं तिचें शिबिर भरतें व मुलांच्या आईबापांकडून एक पैसाही घेतला जात नाहीं. या संस्थेच्या साहाय्यार्थ सन २००१ पासून ‘फिंगर लेक्स आंतरराष्ट्रीय वाइन स्पर्धा’ सुरू झाली. स्पर्धेंत बाटल्या पाठविणारे प्रवेशशुल्क देतात, पुढें मेजवानी व लिलांव होतो, आणि उत्पन्न त्या मुलांच्या कामीं येतें. राबणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांत शिक्षक होते, परिचारिका होत्या, पेन्शनर होते. त्यांत हा एक मराठी पेन्शनर मिळाला.

आमचें काम पडद्यामागचें. बाटल्या आंतल्या दालनांत उघडावयाच्या, क्रमांक घातलेल्या पेल्यांत थोडथोडी वाइन ओतावयाची, तबकें परीक्षकांच्या मेजांवर पोंचवावयाचीं आणि उष्टे पेले परत आणावयाचे. परीक्षकांस बाटली दिसत नाहीं, कारखान्याचें नांव कळत नाहीं, किंमतही ठाऊक नसते. समोर केवळ क्रमांक व पेला. ते रंग पाहतात, वास घेतात, घोट तोंडांत घोळवितात आणि थुंकून टाकितात. तें पाहून मला मोठें नवल वाटलें; कारण दारूच्या जागेवरून शुद्धीवर घरीं जाणारीं इतकीं माणसें मीं पूर्वीं पाहिलीं नव्हतीं. नंतर प्रत्येक जण आपलें मत देतो: सुवर्ण, रौप्य, कांस्य किंवा कांहीं नाहीं. मेजावरील सर्वांनीं एकमुखानें सुवर्ण म्हटलें तर त्याला दुहेरी सुवर्णपदक.

मी आयुष्यभर कागद हलविलेला मनुष्य. कागदावर नांव दिसलें कीं निकालाचा कल कसा बदलतो, हें मजसारख्यास सांगावयास नको. परंतु येथें लक्षाधीशाची बाटली व चार एकरवाल्या बागाइतदाराची बाटली एकाच तबकांतून गेलेली मीं स्वतः नेली, आणि कोणती कोणाची हें नेणाऱ्या मलाही माहीत नव्हतें. मालाची अशी निनांवी परीक्षा झाली म्हणजे लहान माणसाला न्याय मिळतो, एवढें मी शिकलों.

पुढें जूनच्या आरंभीं मुलीनें व जांवयांनीं मला सरोवरांचा प्रदेश दाखविला. हिमयुगांतील बर्फाच्या प्रचंड थरांनीं कोरलेलीं हीं अकरा लांबट सरोवरें हाताच्या बोटांसारखीं दिसतात, म्हणून त्यांस फिंगर लेक्स म्हणतात. सेनेका सरोवर ६०० फुटांहून अधिक खोल आहे. एवढें पाणी उन्हाळ्यांतील ऊब सांठवून हिंवाळ्यांत हळूहळू सोडतें, त्यामुळें कांठच्या उतारावरील वेलांस थंडी कमी बाधते. आणि वसंतांत तेंच पाणी गार असल्यानें डोळे उशिरां फुटतात व उशिराच्या हिमापासून पुष्कळदां वांचतात. पुष्कळदां म्हणतों, कारण मे २०२३ मध्यें पडलेल्या कडाक्याच्या थंडीनें तेथेंही बागांचें मोठें नुकसान केलें. निसर्ग कोणाशींही करार करीत नाहीं. आपल्याकडे एप्रिलची व ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या. तेथें वेल झोपलेला असतां हिंवाळ्यांत एकच छाटणी, आणि द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरांत.

त्या भागांत पूर्वीं कॉन्कॉर्ड, कटॉबा अशा देशी जातीच होत. युरोपीय जाती थंडीनें मरतात अशी समजूत होती. ती कॉन्स्टंटिन फ्रँक या गृहस्थांनीं खोडून काढिली. ते युक्रेनमधील द्राक्षविद्येचे पंडित. सन १९५१ मध्यें निर्वासित होऊन अमेरिकेंत आले. जिनिव्हा येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषिसंशोधन केंद्रांत त्यांस हलकींसलकीं कामें करावीं लागलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, दोष थंडीचा नसून खुंटाचा आहे. शार्ल फूर्निये या फ्रेंच वाइनतज्ज्ञानें त्यांस संधि दिली. योग्य खुंटांवर कलमें बांधून त्यांनीं रीसलिंगसारख्या जाती जगवून दाखविल्या व सन १९६२ मध्यें क्यूकाकांठीं स्वतःची वाइनरी काढिली. डॉगरीजच्या खुंटावर कलम बांधणाऱ्या आपल्या बागाइतदारास या गोष्टीचें मर्म सहज कळेल.

परंतु मला याहूनही महत्त्वाची वाटलेली गोष्ट कायद्याची आहे. त्या प्रदेशांतील लहान बागाइतदार आपलें द्राक्ष थोड्याशा मोठ्या कारखान्यांस विकीत. सन १९७० नंतरच्या दशकांत ते कारखाने बाहेरून स्वस्त माल आणूं लागले व बागाइतदारांचें द्राक्ष पडून राहूं लागलें. आमच्या दादांचीच गोष्ट! मात्र तेथें राज्यानें सन १९७६ मध्यें ‘फार्म वाइनरी’ कायदा केला. त्या कायद्यानें बागाइतदारास स्वतःच्या शेतावर, राज्यांतीलच द्राक्षापासून, मर्यादित प्रमाणांत वाइन करून ती आपल्याच दारांत गिऱ्हाइकास विकण्याची सोय झाली. तेव्हां राज्यांत वीस वाइनऱ्याही नव्हत्या. आज त्या चारशेंहून अधिक आहेत. ज्या द्राक्षाला एक दार होतें, त्याला दुसरें मिळालें.

क्यूकाच्या कांठीं अशाच एका लहान वाइनरींत आम्ही गेलों. नवरा बागेंत काडी बांधीत होता, बायको पाहुण्यांस वाइन ओतून देत होती, आणि खिडकींतून तीच बाग दिसत होती. कोणत्या उतारावरचें द्राक्ष, पाऊस केव्हां पडला, तोड किती दिवस लांबविली, हें ती बाई आपल्या लेकराविषयीं बोलावें तसें सांगत होती. मीं रीसलिंगचे दोन घोट घेतले. खोटें कशाला लिहूं? हिरव्या सफरचंदासारखी आंबटगोड रुचि मला आवडली. तिसरा घोट घेतला नाहीं, कारण चुलत्यांचा आंगठा आठवला. मग बाहेर बांकावर बसून आम्हीं पाव-चीज खाल्लें व सरोवराकडे पाहत बसलों. तो दिवस आनंदांत गेला, आणि मनांत सारखें येत होतें कीं, आज दादा येथें हवे होते.

आतां आक्षेपांचा विचार करूं. सर्वांत मोठा आक्षेप मीच घेतों. मद्य हें कर्करोगाचें एक कारण असल्याचें जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकेंच नव्हे, तर मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक नाहीं असें तिनें सन २०२३ मध्यें स्पष्ट केलें. मग वाइनच्या पैशानें कर्करोगी मुलांची सेवा, ही विसंगति नव्हे काय? आहे, ती मी झांकीत नाहीं. म्हणूनच वाइन पिणें चांगलें असें या लेखांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. परंतु वाइनचें द्राक्ष आपल्या राज्यांत लागलेलें आहे, वाइन होत आहे व विकली जात आहे. प्रश्न उरतो तो असा कीं, तिचा नफा कोणाच्या घरीं जावा, विक्री कोणाच्या नजरेखालीं व्हावी, आणि त्यांतील कांहीं भाग दुःखितांकडे वळावा कीं नाहीं.

सन २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताचें नांव पुढें करण्यांत आलें व त्यावर मोठा वाद माजला. माझ्या अल्पमतीस असें वाटतें कीं, वादाचे दोन्ही पक्ष दुकानाच्या फळीकडेच पाहत होते. फळीवर बाटली ठेवण्याचें सामर्थ्य मोठ्या कारखान्याला असतें. दोन एकरवाल्याला नसतें. फळीजवळ दूध व बिस्किटें घेण्यास मुलेंही येतात. बागाइतदाराच्या दारीं मुद्दाम वाट वांकडी करून जावें लागतें, आणि तेथें ओतणारा पिणाऱ्याचें तोंड पाहत असतो. नाशिकच्या आसपास मोठ्या वाइनऱ्यांनीं पाहुण्यांसाठीं दालनें उघडिलीं आहेत हें खरें. परंतु द्राक्ष पिकविणारा सामान्य बागाइतदार त्या दालनाचा धनी नाहीं.

तेव्हां आपल्या संस्थेपुढें तीन सूचना नम्रपणें ठेवितों. पहिली अशी कीं, कोणाही सभासदानें एकाच कारखान्याच्या भरंवशावर वाइनचें द्राक्ष लावूं नये. करार लेखी असावा, त्यांत भाव, मुदत व माल न उचलल्यास भरपाई हीं कलमें असावीं, आणि तो संस्थेनें वाचून पाहावा. करार न वाचतां केलेली सही व आंगठा यांत फार अंतर नाहीं. दुसरी अशी कीं, ज्यांच्या बागा आज उभ्या आहेत अशा पांचदहा जणांनीं सहकारानें लहान वाइनरी काढून आपल्या दारांत विकण्याची वाट धरावी, व नियमांची अडचण येईल तेथें संस्थेनें सरकारकडे अर्ज करावा. अर्ज लिहून देण्यास हा जुना कारकून हजर आहे.

तिसरी सूचना मला सर्वांत प्रिय आहे. संस्थेनें दर वर्षीं सभासदांच्या मालाची निनांवी परीक्षा भरवावी. आरंभ वाइननें करूं नये. बेदाण्यानें व खाण्याच्या द्राक्षानें करावा, म्हणजे घरांतील बायामाणसेंही उजळ माथ्यानें येतील. तबकावर क्रमांक असावा, नांव नसावें. प्रवेशशुल्क व लिलांव यांचें उत्पन्न कर्करोगाच्या उपचारासाठीं मुंबईस जाणाऱ्या आपल्या भागांतील मुलांस द्यावें. परळास अशीं खेड्यांतलीं कुटुंबें पदपथावर दिवस काढतांना मीं पाहिलीं आहेत. तबकें उचलण्यास व पेले धुण्यास माणसें मिळतील काय, ही शंका कोणी घेऊं नये. एक नांव आतांच लिहून घ्यावें.

हा लेख लिहून झाल्यावर दादांस वाचून दाखविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “बेदाण्याची परीक्षा असेल तर माझ्या चार पेट्या घे. नांव नको लिहूंस.” संस्थेच्या चालकांनीं या विषयाचा विचार करावा, एवढी विनंति करून लेखणी ठेवितों.