राणीच्या खुरातला खिळा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी कन्येचा तबेल्यातून फोन आला, "आई, राणी पुढचा उजवा पाय टेकतच नाहीये." राणी म्हणजे ती जिच्यावर स्वारी शिकते ती घोडी. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते म्हणे. त्या कौतुकाचा त्या सकाळी काडीचा उपयोग झाला नाही.

मी पोचले तर जमलेल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार. हळद-तेल लावा, नाल काढा, जरा फिरवून बघा. म्हातारा मोतद्दार तेवढा काही बोलला नाही. खाली बसून त्यानं पाय उचलला, आकडीनं चिखल खरवडला, आणि तळव्यात रुतलेला खिळा दिसला. कन्या तो उपटायला निघाली, तसा त्यानं तिचा हात धरला. खिळा किती आत आणि कुठल्या दिशेनं गेलाय, हे तो जागेवर असताना एक्स-रेत नीट कळतं. उपटला की छिद्र मिटतं, घाण आत राहते. घोडीला हलवायचं नाही, फोटो काढायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं.

डॉक्टरांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "धनुर्वाताची लस कधी दिली होती?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, आणि झाला तर जीव वाचणं कठीण. तरी तबेल्यात लसीची साधी नोंद नव्हती! मला याचा राग अजून आहे.

तेव्हापासून कुणाला काय विचारायचं ते आम्हाला कळलंय. खूर महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी तो कापून नाल पुन्हा ठोकायला नालबंद हवा. खुराचा तोल त्याच्याइतका कुणाला कळत नाही. (मराठी फौजेत स्वारांना आगाऊ पैसे मिळत, त्याला नालबंदीच म्हणत.) पण तळव्याच्या मऊ त्रिकोणी भागातून काळं, घाण वासाचं काही येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि पुढचे दोन्ही खूर गरम लागत असतील, घोडा मागे रेलून उभा असेल आणि पाऊल उचलायला तयार नसेल, तर संध्याकाळपर्यंतही थांबायचं नाही.

राणी महिनाभरानं पुन्हा धावू लागली. कन्येनं तिच्या नावाची वही घातली आहे: लस, नालबंदी, लंगडणं, सगळं तारखेनिशी. परवा मोतद्दारानं शेजारच्या घोड्यासाठीही एक वही मागून घेतली.