संख्या फार, म्हणून नावं नाहीत

कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला गेलात तर झाडांमधून एक उंच, टोकदार मनोरा दिसतो. तेच अफगाण चर्च. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण ते मुंबईत कुणी घेत नाही. मुंबईतल्या चर्चला अफगाणिस्तानचं नाव का, हा प्रश्न मात्र फार कमी लोकांना पडतो.

आधी थोडक्यात इतिहास. पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध १८३९ ते १८४२ चं. मुंबई आर्मीच्या पलटणी सिंधमार्गे त्यात गेल्या आणि १८४३ मध्ये सिंध जिंकायलाही त्याच होत्या. या मोहिमांमधल्या मृतांचं स्मारक म्हणून हे चर्च उभं राहिलं. पायाभरणी १८४७, उद्घाटन जानेवारी १८५८, आणि मनोरा पूर्ण व्हायला १८६५ साल उजाडलं. म्हणजे आपल्याच प्रोजेक्टांच्या डेडलाइन हुकतात असं नाही :)

आराखडा हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने आणायची योजनाही त्याचीच. आतल्या सजावटीचा बराचसा भाग लंडनच्या विल्यम बटरफिल्डने काढून पाठवला. कमानी, रंगीत काचा, फरशा... गॉथिक शैलीची मुंबईतली ही अगदी सुरुवातीची इमारत. बघण्यासारखी आहे, जरूर बघा. आणि बाकांकडेही नीट लक्ष द्या. त्यांना बंदूक टेकवून ठेवायच्या खाचा आहेत. १८५७ नंतर गोरे सोल्जर प्रार्थनेलासुद्धा बंदूक घेऊन बसत. एवढी भीती मनात ठेवून देवासमोर बसायचं म्हणजे कमाल आहे.

पण मला बोलायचंय ते भिंतींवरच्या नावांबद्दल. वेदीच्या बाजूच्या भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावं आहेत. खालच्या हुद्द्याच्या लोकांचा आणि साध्या शिपायांचा उल्लेखही स्मृतिलेखात आहे, पण एकगठ्ठा. त्यांची संख्या फार, म्हणून नावं लिहिता येत नाहीत, असा त्याचा मतलब.

काय गंमत आहे बघा. ज्यांनी सगळ्यात जास्त जीव दिले त्यांना जागा नाही, आणि जागा नसण्याचं कारण हेच की त्यांनी फार जास्त जीव दिले!

या युद्धातलं मरण कसं होतं त्याचा अंदाज काबूलच्या माघारीवरून येतो. जानेवारी १८४२ मध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बिनलढाऊ माणसं काबूलहून निघाली. ही फौज मुख्यतः बंगाल आर्मीची. सैनिकांत गोरे जेमतेम ७००, बाकी सगळे हिंदी. शिवाय भिश्ती, उंटवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, त्यांच्या बायका, पोरं. इतिहासाला मात्र डॉक्टर ब्रायडन हे एकच नाव पाठ आहे, कारण जलालाबादला पोचलेला गोरा तो एकटाच. काही हिंदी शिपाईही नंतर कसेबसे परतले, काही गुलाम म्हणून विकले गेले. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

"तेव्हाची पद्धतच तशी होती" असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. पुण्याजवळ कोरेगावचा विजयस्तंभ कुणी उभारला? कंपनीनेच, याच्या पंचवीसेक वर्षं आधी. त्यावर शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यात महार सैनिकांची २२. म्हणजे दगडावर शिपायाचं नाव कोरता येतं हे कंपनीला माहीत होतं. त्या नावांनी पुढे काय केलं तेही आपण बघतोच. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि तेव्हापासून तो स्तंभ कंपनीचा राहिलाच नाही. दगडावर नाव असलं की शंभर वर्षांनीही कुणीतरी येऊन म्हणू शकतं, हा आमचा माणूस. कुलाब्याच्या भिंतीसमोर उभं राहून कोकणातल्या किंवा देशावरच्या कुणाला असं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते शिपाई परक्यांच्या पगारावर, परक्यांच्या साम्राज्यासाठी, तिसऱ्याच्याच देशावर चालून गेले. त्यांचा गौरव कशाला? गौरव नकोच. पण नोंद आणि गौरव या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की लॉगमध्ये एन्ट्री होते, ती कुणाची पाठ थोपटायला नव्हे. काय झालं ते नंतरच्या माणसाला कळावं म्हणून.

तर मुद्दा हा, की त्या भिंतीला कुणी हात लावू नये. ती जशी आहे तशीच राहू दे, तो पुरावा आहे. फक्त शेजारी एक साधा फलक हवा, मराठीत सुद्धा. मुंबईच्या कुठल्या पलटणी गेल्या, सोबत कुठल्या कामांची माणसं होती, जी नावं कागदपत्रांत सापडतील ती नावं. सापडली नाहीत तर तेही लिहावं.

भिंतीवरची जागा संपली असेल, हे मान्य. १८५८ मध्ये तो बहाणा चालून गेला. आज दहा हजार नावांची यादी माझ्या फोनमध्ये एका फोटोपेक्षा कमी जागा घेते.