छत्रीखालचा फोन आणि शार्कचा इशारा

प्रति,
अमेरिकेचा संघीय दूरसंचार आयोग आणि फ्लोरिडा-अलाबामा किनाऱ्यावरील काउंटींचे आपत्कालीन अधिकारी



७ जून २०२४ रोजी दुपारी फ्लोरिडाच्या वॉल्टन काउंटीत एका बाईंवर शार्कने हल्ला केला; त्यांना हात गमवावा लागला. सुमारे दीड तासाने, चारेक मैलांवर, कमरेएवढ्या पाण्यातल्या दोन मुलींवर हल्ला झाला. एकीचा हात आणि पाय गेला. मधल्या दीड तासात मुलींच्या घरच्यांचे फोन गप्पच होते.

सुट्टी लागली की आम्हा अटलांटाच्या मराठी मंडळींच्या गाड्याही याच किनाऱ्याकडे वळतात. काउंटीचे एसएमएस हवे असतील तर नाव नोंदवावे लागते. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा ते कशाला करतोय? मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या आपत्कालीन इशाऱ्याला नोंदणी लागत नाही, फोन नंबरही लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातले फोन कर्कश वाजू लागतात. अलाबामाने २०२५ मध्ये शार्कहल्ल्यानंतर असा इशारा देण्याचा कायदा केला. देशभरासाठीचे विधेयक सिनेटर केटी ब्रिट यांनी मांडले आहे. आयोगाने अशा इशाऱ्यांची वाट मोकळी करावी.

पण पाण्यात पंख दिसला की भोंगा, असे नको. तो डॉल्फिनचाही असतो, आणि शार्क तर या समुद्रात राहतातच. हवाईत जानेवारी २०१८ मध्ये क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला आणि दुरुस्तीला ३८ मिनिटे लागली. चार वेळा उगीच दचकलेला माणूस पाचव्यांदा सेटिंगमध्ये जाऊन इशारेच बंद करतो. तेव्हा शार्कने कुणाला चावा घेतला, किंवा जीवरक्षकाने स्वतः मोठा शार्क काठाशी पाहिला, तरच इशारा द्या; धोका टळल्याचेही कळवा.

आणि मजकूर लिहिताना एवढे ध्यानात घ्या, की पोहणाऱ्याजवळ फोन नसतो. तो छत्रीखाली, पिशवीत, आजीच्या सँडविचशेजारी असतो. म्हणून इशाऱ्याच्या ३६० अक्षरांतले पहिले वाक्य आजीसाठी हवे: ‘पाण्यातल्यांना आत्ता बाहेर बोलवा.’ कुठे आणि कधीपर्यंत, ते मागून. समुद्री जीवांच्या धोक्यासाठी किनाऱ्यावर लावतात त्या नुसत्या जांभळ्या झेंड्यावर भिस्त नको. तो जेलीफिशसाठीही लागतो, लोक त्याला सरावलेत.

राहिला प्रश्न बटण कोण दाबणार याचा. जीवरक्षकाच्या वायरलेसपासून काउंटीच्या कक्षापर्यंत परवानग्यांची साखळी असेल, तर दीड तासही अपुरा पडेल. अधिकार आधीच एका माणसाला द्या, मेमोरियल डेच्या आत रंगीत तालीम घ्या आणि किती मिनिटे लागली ते जाहीर करा.

आपली,
अटलांटाची एक रहिवासी