वयात येणाऱ्या मुली आणि आपल्या शाखा

मे २०२३ मध्ये उल्हासनगरात एका भावाने आपल्या बारा वर्षांच्या बहिणीला मारहाण करून तिचा जीव घेतला. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. कपड्यावरचा डाग कसला, हे तिला सांगता आले नाही. त्याने भलताच संशय घेतला. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्त दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. दोन्ही ठिकाणे आडरानातली नव्हेत, मुंबईच्या लोकलच्या टप्प्यातली आहेत.

महागाई भत्ता सोडून हे काय काढलेत, असे काही सहकारी म्हणतील. 'पाळी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण तो ड्युटीपुरता! आमच्या मते हा कामगाराच्या घरचाच प्रश्न आहे. खरगपूर, इटारसी, सिकंदराबादला बदली झालेल्या मराठी कुटुंबात आजी-मावशी जवळ नसते. शाळेची भाषा वेगळी, वडील रनिंग ड्युटीवर. आई संकोचली की मुलीला विचारायला कोणी उरत नाही.

सांगायचे तरी काय असते? पाळी साधारण नऊ ते पंधरा या वयात सुरू होते. पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कापड वापरले तरी चालते; मात्र ते साबणाने धुऊन उन्हात वाळवले पाहिजे. लाजेपोटी ते कपड्यांखाली ओलसर ठेवतात, रोग तिथे होतो. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलावे. २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळू लागले, हे आपल्याच अनेक घरांना ठाऊक नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली फेकून देतात, कारण ती कशासाठी हे कोणी सांगत नाही.

आणि हे मुलग्यांनाही सांगा. उल्हासनगरात अज्ञान भावाचे होते.

रेल्वेच्या शाखांनी कर्मचारी हित निधीतून वसाहतीच्या इन्स्टिट्यूटमध्ये वर्षातून दोनदा रेल्वे रुग्णालयातील डॉक्टर भगिनींचे वर्ग मागावेत, तेही मुलींना समजेल त्या भाषेत. पोस्टातील सहकाऱ्यांना वसाहती थोड्या. त्यांनी सरकारी रुग्णालयातील किशोरवयीन आरोग्य केंद्राशी बोलावे. पुढच्या पीएनएम बैठकीसाठी हा विषय शाखा सचिवांनी लेखी पाठवावा, आणि त्यावर महिला सभासदांच्या सह्या आधी घ्याव्यात.